अकरा फसलेल्या फेऱ्या

लॅबमध्ये पाहुणा आला की साहेब हटकून सांगायचे, ह्या आमच्या बर्फावरच्या बाई. मग पाहुणा विचारणारच, एक गिरकी मारून दाखवता का? तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. अहो, बारा वर्षं झाली स्केटिंगचे बूट टांगून! मधे गणितात डोकं फोडलं, क्वांटम संगणकावर डॉक्टरेट केली, त्याचं कुणाला काही नाही. ह्यांना गिरकी पाहिजे.

बूट काही हौसेने टांगले नव्हते. सतरा वर्षांची असताना खुबा दुखायला लागला. डॉक्टर आईला बाजूला घेऊन म्हणाले, हाडाला बारीक चीर आहे, दोन महिने बर्फावर पाऊल नको. निवड स्पर्धा तीन आठवड्यांवर. कोचने गळ घातली आणि आईने, सख्ख्या आईने, मुलगी तंदुरुस्त असल्याच्या कागदावर सही ठोकली. लेकीला सांगितलं, नुसतं लचकलंय. दुसऱ्याच उडीला ती आडवी झाली. उठून हसलीसुद्धा, कारण पडलं तरी हसायचं हेच शिकवलेलं. चिरेचं तिला ऑपरेशनच्या वेळी कळलं.

लॅबमध्ये मात्र तिचा जीव रमला. छताला लोंबणारा माणसाएवढा फ्रिज, त्याच्या तळाशी नखाएवढी चिप, चिपवर क्युबिट. साधा बिट शून्य तरी असतो नाहीतर एक. हे कार्टं दोन्हींच्या मधे लटकतं आणि जरा ऊब लागली की रुसतं. त्याच्या चुका कमी करायची नवी पद्धत साहेबांनी काढली होती. ती तपासायला तिने चाळीस फेऱ्या घेतल्या. एकोणतीस झकास गेल्या, अकरा सपशेल फसल्या.

साहेब म्हणाले, त्या अकरा काढून टाक, फ्रिज तापला असणार. तिने तापमानाची मिनिटामिनिटाची नोंद काढली. तापमान ढिम्म हललं नव्हतं. तिने तो कागद त्यांच्या टेबलावर ठेवला, तर साहेबांनी त्याच्यावर चहाचा कप ठेवला.

"तुझा करार पुढच्या महिन्यात संपतोय, लक्षात आहे ना?"

तिने आईला फोन केला, हीच चूक. आई म्हणाली, झाकली मूठ सव्वा लाखाची, सगळेच करतात, तूच कशाला शहाणपणा करतेस? तिने फोन आपटला आणि साहेबांना लेखी नकार दिला. करार संपला. चार लॅबमध्ये अर्ज केले, चारी ठिकाणी एकच प्रश्न : जुन्या साहेबांचं शिफारसपत्र कुठंय?

पाच महिन्यांनी साहेबांचं पत्र आलं. चांगलं दोन पानी, तोंड भरून कौतुकाचं, आणि सोबत त्या नव्या पद्धतीवरचा, संशोधन मासिकात छापून आलेला लेख. साहेबांच्या खालोखाल तिचंच नाव! चारांतल्या एका लॅबने त्या पत्रावर लगेच होकार कळवला, सोमवारपासून या म्हणून. आईने तोवर सगळ्या नातेवाइकांना लेख पाठवलासुद्धा.

तिने लेख शेवटपर्यंत वाचला. फेऱ्या एकोणतीस. अकरांचा कुठे उल्लेखही नाही. आणि तळाशी बारीक अक्षरात : सर्व नोंदी तपासल्या, पुढे तिचं नाव. एकटीचं. म्हणजे उद्या कुणी बोंब मारली तर साहेब हात झटकून मोकळे! तिने मासिकाच्या संपादकांना लिहायला घेतलं, तेवढ्यात आईचा फोन.

"माझं नाव काढा म्हणून लिहितेय," ती म्हणाली.

आई रडकुंडीला आली. हातातोंडाशी आलेली नोकरी घालवणार का, एवढ्या लोकांना सांगितलं, आता त्यांना काय सांगू?

"सांग, चाळीसपैकी अकरा फसल्या."

तिने अकराही फेऱ्यांच्या नोंदी जोडल्या आणि मेल पाठवून दिली. साहेबांनाही प्रत पाठवली, लपवायचंय काय त्यात? तासाभरात त्यांचं उत्तर आलं : शिफारस मागे घेतली आहे, नव्या लॅबला तसं कळवलं आहे.

तिने तेही संपादकांकडे पाठवून दिलं.