जावेपेक्षा लाल मासा

फोनवर शाबासक्या येत होत्या आणि काचेच्या टाकीत दोन मासे उताणे तरंगत होते. तिसरा तळाशी पडून नुसते कल्ले हलवत होता. खरं सांगते, आधी मी फोन बघितला. मुलानं बदाम पाठवला होता. मग बादली शोधली.

चूक माझीच. लातूरला नळ रोज येत नाही, म्हणून घरात पाणी भरून ठेवलेलं असतं. माशांना मी ड्रमातलं शिळं पाणी घालायची. विकणाऱ्यानंच बजावलं होतं, ताजं घालू नका. तिन्ही गोल्डफिश त्या पाण्यावर दोन वर्षं चांगले राहिले. फक्त फोटो पिवळट यायचा.

धाकटी जाऊ नांदेडला असते. शाळेत बाई होती, आता पेन्शन खाते. माझे पाहून तिनं मासे आणले आणि घरच्या ग्रुपवर रोज सकाळी फोटो टाकायला लागली. मासा लालबुंद, पाणी आरशासारखं. मी चौथी शिकले, पण कोण कुणाचं कौतुक करतंय एवढं मला वाचता येतं. माझ्या पोटचा मुलगा तिच्या फोटोला बदाम पाठवायचा, माझ्या फोटोला अंगठा.

सून म्हणाली, "आई, काकूंनी रंग वाढवलाय. तुम्हीपण वाढवा की." फोटोखालची रेघ बोटानं सरकवायची, की रंग चढतो. मी पार टोकापर्यंत सरकवली. मासा लाल झाला, पाणीपण लाल झालं.

जावेनं लिहिलं, "अक्का, रश्श्यात सोडले काय मासे?"

सगळे हसले. मुलगापण.

दुसऱ्या दिवशी नळ आला. मी निम्मी टाकी उपसून नळाचं पाणी थेट आत ओतलं. ब्लीचिंग पावडरीचा वास येत होता. मला तो आला होता, पण पाणी लई स्वच्छ दिसत होतं. फोटो काढला, रंग बेतानं चढवला. एक मासा फिका होता, शेपटी फाटलेला. त्याला फोटोतून कडेनं कापून टाकलं. दोघांचाच फोटो पाठवला आणि जेवायला बसले. उठून आले तर हे असं.

तिसऱ्याला बादलीत ड्रमाच्या पाण्यात सोडत होते, तेवढ्यात जावेचा फोन.

"अक्का, काय रंग हाय हो! माझे तर पांढरे पडलेत, तुमच्यापासून काय लपवायचं. पुढल्या खेपेला आले की ही जोडी मी नेणार."

"ने की," मी म्हणाले.

जोडी कुंडीत पुरली. फोटोतून कापलेला तो फिका तेवढा जगला.