आबांनी नेलेला रोल
साखर कारखान्याच्या मळीचा वास आला की मला मांडवगण फराट्याजवळचं ते उसाचं रान आठवतं. अंतराळस्थानक तेव्हा नुकतंच वर गेलं होतं आणि दुर्बिणीला कॅमेरा जोडून त्याचा फोटो काढायच्या वेडापायी मी आणि नवरा दौंडहून मोटारसायकलवर आलो होतो. दिवस मावळला होता. बांधावर तीन पायांचा स्टँड उभा केला तोच रानाचे मालक, एक म्हातारे आबा, मुलाला घेऊन आले. कंपनीसाठी जमिनी जाणार, अशी तेव्हा तिकडे कुजबुज होती. स्टँड मोजणीचा वाटून आबांनी दरडावलं, "मोजणी कुणाच्या सांगण्यावरनं चाललीय?" "मोजणी नाही आबा, वरून यान जाणार आहे, त्याचा फोटो घ्यायचाय," मी म्हणाले. "आन् त्याला आमचाच बांध गावला व्हय?" मुलानं मोटारसायकलची किल्ली काढून घेतली. "थोडं थांबा, यान दिसलं नाही तर काय करायचं ते करा," मी विनवलं. तेवढ्यात तो ठळक ठिपका न लुकलुकता वर आला. नवरा दुर्बीण सरकवत राहिला, मी बटण दाबत राहिले. "त्यात माणसं हायती?" आबांनी विचारलं. "आहेत." "त्यास्नी आमची रानं दिसत आसतील?" "दिसतात की!" मी उत्साहानं म्हणाले. आबांचा चेहरा बदलला. "म्हंजी मोजणी तिथनं चाललीय." त्यांनी किल्ली परत द्यायला लावली, पण मोजणीचा पुरावा म्हणून कॅमेऱ्यातला रोल काढून नेला. त्यात यान आलं होतं का, ते कधीच कळलं नाही. मात्र आता जमिनींचे नकाशे वरूनच निघतात, त्यामुळे आबांचा संशय खुळा होता, असं काही मला म्हणवत नाही.