पट्ट्या दोन, तक्रार एकीची

बाबांच्या डोळ्यांतला बिघाड मी आठ महिने टीव्हीत शोधला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझ्या हुशारीच्या गोष्टी वाचताना कुणी फसायला नको.

मूल गावच्या बाजारात माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. काम शिकलो ते चंद्रपूरच्या एका मुसलमान उस्तादांकडे. रेडिओपासून सुरुवात केलेला माणूस, सोल्डरिंगच्या धुरानं बोटं पिवळी पडलेली. त्यांची पहिली शिकवण अशी, की गिऱ्हाइकाला काय दिसतं ते नीट ऐकून घ्यायचं, पण त्याच्या शब्दांवर जायचं नाही. चित्र नाचतं म्हणणाऱ्याचं चित्र नुसतं सरकत असतं. बिघाडाचं खरं नाव आपण शोधायचं. या शिकवणीवर मी पंधरा वर्षं पोट भरलं, आणि त्यामुळे माझी मानही जरा जास्तच ताठ झाली होती.

बाबा वनखात्यात गार्ड होते. सगळी नोकरी धानोऱ्याकडच्या जंगलात. लहानपणी मी त्यांच्यामागून पायवाटेनं चालायचो, तर ते मध्येच थांबून हात वर करत. मला नुसते बांबू दिसत. त्यांना बांबूंच्या पलीकडे सांबराचा कान दिसलेला असे. निवृत्त होऊन माझ्याकडे राहायला आले, तेव्हा आई जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि त्यांना करमत नव्हतं. जीव रमला तो प्राण्यांच्या चॅनेलमध्ये. आवाज मात्र बंद. "हा मानूस बोलते जास्त, पाह्यते कमी," असं त्यांचं निवेदकाबद्दलचं मत होतं. कॅमेरा वळायच्या आत बाबांचं बोट वळलेलं असे. "डाव्या हाताले पाहाय, झुडपात." आणि थोड्या वेळानं तिथून खरंच बिबट्या निघायचा. आम्ही घरचे बिबट्यापेक्षा बाबांकडेच जास्त पाहायचो.

मग चपटे टीव्ही आले. एका राइस मिलवाल्यानं बिघडलेला चपटा टीव्ही माझ्या दुकानात टाकून दिला आणि स्वतःसाठी नवा आणला. मी त्याचा बोर्ड दुरुस्त केला, भिंतीला ठोकून बाबांच्या खाटेसमोर लावला. आमच्या गल्लीत एवढा मोठा पडदा कुणाकडे नव्हता. मी खूश होतो. चार दिवसांनी बाबा म्हणाले, "चित्र कापल्यासारकं वाटते रे. डाव्या हाताचं दिसतच नाई."

मला हसू आलं. ही तक्रार मला पाठ होती. त्या काळात चॅनेलचं चित्र चौकोनी येई आणि नवा पडदा लांबट, त्यामुळे दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या उरत. चपटा टीव्ही घेतलेला प्रत्येक माणूस आठवड्याच्या आत हेच सांगत दुकानात येई. मी रिमोटचं बटण दाबून चित्र ताणलं. पट्ट्या गेल्या, हरणं म्हशींएवढी जाड झाली.

"आता?" मी विचारलं.

बाबांनी थोडा वेळ पाहिलं. "हो. आता बरं हाये."

पट्ट्या दोन होत्या. बाबांची तक्रार एकीचीच होती. हे मी कुठल्याही नवशिक्या कारागिराला ओरडून सांगितलं असतं, पण माझ्या स्वतःच्या डोक्यात शिरलं नाही.

पुढे तक्रार बदलली. चित्र अंधारून येतं म्हणाले. चपट्या टीव्हीत पडद्यामागे काडीसारख्या बारीक ट्यूब असतात, त्या म्हाताऱ्या झाल्या की चित्र अंधारतंच. मी नागपूरहून ट्यूब मागवल्या. बसवताना दोन फोडल्या, कंपनीला शिव्या दिल्या, पुन्हा मागवल्या. पडदा असा लखलखीत झाला की बायको डोळ्यांवर पदर घ्यायला लागली. बाबा म्हणाले, "आता बरं हाये." मी दुकानात दोन दिवस ऐटीत होतो.

बायकोला आधी कळलं होतं. एकदा स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "मामाजी दाराले खांदा मारतेत. काल चहाचा कप हातानं लवंडला. त्यायचे डोळे दाखवा ना एकदा."

मी भडकलो. "त्यायचे डोळे तुह्या-माह्याहून चांगले हायेत! पेपर कोन वाचते सकाळी?"

पेपर ते वाचत होते, हे खरं. शिवाय माझ्याकडे दुसरा पुरावा होता. ज्याची नजर जाते तो टीव्हीच्या काचेला नाक लावून बसतो, हे मी शंभर घरांत पाहिलेलं. बाबा तर खाट मागे मागे सरकवत होते, अगदी भिंतीला टेकेपर्यंत. एवढ्या लांबून पाहणाऱ्याचे डोळे वाईट कसे असतील? आज कळतं. लांबून पडदा लहान दिसायचा, आणि त्यांच्या नजरेत जेवढी जागा उरली होती तेवढीत मावायचा.

तरी बाबा अधूनमधून डाव्या बाजूची तक्रार काढतच. मग मी शेवटची युक्ती केली. दुकानातला सगळ्यात चांगला जुना, खोक्याचा टीव्ही घरी आणून शेजारी लावला. एकच चॅनेल, दोन चित्रं.

"यात कसं दिसते?"

"त्यातबी तसंच."

दोन टीव्ही, बिघाड एकच. यावरून शहाण्या माणसानं काय समजायचं? मी असं समजलो की दोघांत एकच गोष्ट सारखी आहे, ती म्हणजे केबलची वायर. गेलो केबलवाल्याच्या दारात. चारचौघांत त्याला वाट्टेल ते बोललो. तो बिचारा सांगत होता, "भाऊ, बाजूच्या घरी तं कोनाची कंप्लेंट नाई." मी ऐकलं नाही. खांबापासून घरापर्यंत नवी वायर टाकून घेतली. बाबांनी त्याच्यासमोर पडद्याकडे पाहिलं आणि माझी लाज राखली. "हो, आता बरं हाये."

उन्हाळ्यात एका दुपारी आम्ही दोघंच बसलो होतो. पडद्यावर वाळलेलं गवत होतं. डाव्या कोपऱ्यात गवत हललं आणि वाघीण निघाली, मागून दोन पिल्लं. मी सवयीनं बाबांच्या बोटाची वाट पाहत होतो. बोट मांडीवरच राहिलं. वाघीण पडद्याच्या मधोमध आली तेव्हा बाबा दचकून म्हणाले, "अरे, हे कुठून आली?"

मी त्यांच्या डावीकडे बसलो होतो. हातातला रिमोट त्यांच्या खांद्याजवळ धरला. ते पडद्याकडेच पाहत राहिले. हात जरा पुढे घेतला, मग आणखी पुढे, छतावरचा अँटेना फिरवतात तसा सावकाश. रिमोट जवळजवळ नाकासमोर आला तेव्हा त्यांना दिसला. उजवीकडून करून पाहिलं, तिकडेही थोडंच बरं होतं. मी खाटेवरून उठून खाली फरशीवर बसलो. पडदा, ट्यूब, वायर, सगळं तपासलं होतं. पाहणारा माणूस तेवढा तपासला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं चंद्रपूर गाठलं. डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. काचबिंदू, म्हणाले. डोळ्याच्या मागची नस वाळत आली आहे; यात कडेची नजर आधी जाते, मधली शेवटी. कधीपासून त्रास आहे? मी सांगितलं, आठ महिने. मग आठ महिने काय केलंत, असं त्यांनी विचारलं. टीव्ही दुरुस्त करत होतो, हे सांगायच्या ऐवजी मीच विचारलं,

"नस बदलता येत नाही का? ऑपरेशन?"

"गेलेलं परत येत नाही. राहिलेलं टिकवायचं. थेंब रोज सोडा, एकही दिवस चुकवू नका."

टीव्हीचं पॅनेल, म्हणजे पडदाच गेला, आता काही होत नाही, असं मी किती गिऱ्हाइकांना तोंडावर सांगितलं असेल. ते माझ्याकडे बघतच राहत आणि मला त्यांचा राग येई. डॉक्टरांसमोर मी तसाच बघत बसलो. शेवटी बाबांनीच माझा दंड धरून उठवलं.

परतीच्या बसमध्ये बाबा खिडकीशी होते. बाहेर जंगल सुरू झालं होतं. ते बाहेर पाहत नव्हते. मी विचारलं, "दिसत नव्हतं, तं बरं हाये काऊन म्हनत होते?"

"तू दिवसभर खोलून बसे, घामाघूम होऊन. तुले कसं सांगू का जमलं नाई म्हनून?" मग म्हणाले, "आन् तू मेकॅनिक. मले वाटे, तुले समजते."

त्यानंतर रोज संध्याकाळी मी त्यांच्या डोळ्यांत थेंब सोडायचो. ते मान मागे टाकून तोंड उघडं ठेवत, लहान मुलासारखे. डोळे पुसून झाले की मी विचारायचो, "आता कसं दिसते?" आणि ते म्हणायचे, "बरं हाये." टीव्ही दुरुस्त करायचो तेव्हा वळून पडद्यावर तरी खात्री करता येत होती. आता त्यांचं 'बरं' खरं की माझ्यासाठी, हे पाहायला पडदा नव्हता. मी बाटलीचं झाकण लावायचो.