मोठा ठेवा, छोटा न्या

फोन आला तेव्हा गॅसवर दोडका होता. आमच्या जेवणाचा नव्हे, माशांचा. सकाळी पहिल्या पाळीला निघताना, दारात बूट चढवता चढवता भाऊजी नेहमीसारखे ओरडून गेले होते, "वहिनी, दोडक्याच्या चकत्या तेवढ्या उकडून ठेवा. जास्त शिजवू नका हं, टाकीतलं पाणी नासतं. आणि नळीपाशी कुणाला जाऊ देऊ नका, बाप अंड्यांवर बसलाय." मीही नेहमीसारखीच आतून ओरडले, की लग्न होऊन आल्यापासून या घरात मी रांधतेय, दोडका किती शिजवायचा हे मला माशांकडून शिकायचं नाही! तेच आमचं शेवटचं बोलणं... आता बदलता येत नाही म्हणून आहे तसं सांगते, नाहीतर मी काहीतरी बरं निवडलं असतं. फोन कंपनीतून होता. भाऊजी मशीनपाशी उभे होते, घाम आला म्हणून खाली बसले, आणि मग उठलेच नाहीत. मी होते तशी निघाले. गॅस मात्र मी बंद केला होता, हे संध्याकाळी घरी परतल्यावर कळलं.

सुनील हे माझे धाकटे दीर. अंबरनाथच्या एमआयडीसीत फिटर होते. शिवमंदिराच्या अलीकडे आमचं बैठं घर आहे, मागे थोडं अंगण. सासरे फार लवकर गेले, त्यामुळे यांनीच, म्हणजे माझ्या नवऱ्याने, धाकट्या भावाला वाढवलं, आयटीआयला घातलं, नोकरीला चिकटवलं. भाऊजींनी लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारून मी दमले. मी प्राथमिक शाळेतली बाई, आवाज वर्गातला आणि राग नाकावर. पण या माणसाला माझ्या रागाची जराही भीती वाटायची नाही. उलट मी चिडले की ते खुर्ची ओढून समोर बसायचे, करमणूक सुरू झाल्यासारखे. पुढच्या खोलीत माशांची पहिली काचेची टाकी आली तेव्हा मी बोलले, दुसरी आली तेव्हा भांडले, तिसरी आली तेव्हा अबोला धरला. अबोला संपला तेव्हा चौथी आलेली होती.

या सगळ्याचं मूळ उल्हासनगरच्या एका दुकानात आहे. पहिली टाकी घेतली तेव्हा दुकानदाराने रंगीत माशांबरोबर एक काळपट, चपट्या तोंडाचा, बोटाएवढा मासा दिला. "भाईसाब, ये काच चाटके साफ रखेगा. आपको हाथ भी नहीं लगाना पड़ेगा." दुकानदार त्याला सकर म्हणतात, कुणी क्रोकोडाइल म्हणतं, भाऊजी त्याचं पुस्तकातलं नाव घ्यायचे, प्लेको. त्याने काच चाटली खरी, पण तो वाढतच गेला. बोटाचा वीतभर झाला, वितीचा हातभर. अंगावर खवल्यांऐवजी चिलखत, पंखांना काटे, वळायचं म्हटलं तर शेपूट काचेवर आपटायची. बघणाऱ्याचा जीव घाबरा व्हायचा. शेवटी एका रविवारी भाऊजी त्याला बादलीत घालून बदलापूरला घेऊन गेले आणि उल्हास नदीत सोडून आले. घरी आले ते खूश होऊन. मोकळा केला बिचाऱ्याला, म्हणाले. मी पाठ थोपटली, आणि टाकी रिकामी होईल या आशेने त्या दिवशी शिरासुद्धा केला.

त्यानंतर बराच काळ गेला. बाळाराम म्हणून त्यांचा कंपनीतला सोबती, नदीकाठच्या गावचा, सुट्टीच्या दिवशी होडी घालून मासे धरणारा. एकदा तो आमच्या ओट्यावर फाटकं जाळं घेऊन आला आणि ते भाऊजींच्या पुढ्यात टाकलं. "बघ रं सुनील, तुज्या त्या काचंतलं मासं आमच्या जाल्यान गावतान. जाला फारतान. खाया कामाचं नाय, इकाया कामाचं नाय." एक नव्हे, अनेक. लोक घरचे वाढलेले सकर नदीत सोडत होते, ते तिथे माजले होते, काठ पोखरत होते, आणि बाळारामच्या बापजाद्यांनी धरलेले मासे मिळेनासे झाले होते. तो गेल्यावर भाऊजी ते जाळं मांडीवर घेऊन बसले. एकेक भोक बोटाने चाचपत म्हणाले, "वहिनी, त्यातला एखादा माझा असणार." मी म्हटलं, अहो, सगळ्यांनीच सोडलेत, तुम्ही एकट्याने कशाला जिवाला लावून घेता? "सगळ्यांचं मी काय करू? पण माझं तरी करतो," म्हणाले. तेव्हापासून या माणसाने त्या गोष्टीचा पिच्छा सोडला नाही.

त्यांचा विचार साधा होता. लोकांना काच चाटणारा मासा हवाच असतो. मग त्यांना असा द्यायचा, जो वाढून वाढून बोटाएवढाच राहील. प्लेकोंचीच एक छोटी जात असते, नराच्या तोंडावर मिशांचं झुडूप उगवतं, म्हणून भाऊजी त्याला मिशाळ म्हणायचे. त्याची पिल्लं घरी वाढवायची आणि ज्याच्याकडे मोठा सकर झालाय, त्याने तो नदीत न टाकता आणून द्यायचा, बदल्यात छोटा न्यायचा. ऐकायला सोपं वाटतं ना? मिशाळची जोडी आणली, कंपनीच्या भंगारातून पाइपाचा तुकडा आणून टाकीत ठेवला, मादीने त्यात नारिंगी मण्यांसारखी अंडी घातली. आणि बापाने ती सकाळपर्यंत खाऊन टाकली. नवखा बाप होता म्हणे. पुन्हा घातली, पुन्हा खाल्ली. मग भाऊजींनी कुंभाराकडून एका बाजूने बंद असलेली मातीची नळी करून घेतली. ती नराला पसंत पडली, तो आत बसला, अंडी फुटली, पिल्लं निघाली. आणि त्याच संध्याकाळी नगरपालिकेची डासांच्या धुराची गाडी गल्लीत आली. खिडकी उघडी होती. हवेचा पंप तो धूर सरळ पाण्यात ओढत राहिला. दुसऱ्या दिवशी भाऊजींनी जाळीने एकेक पिल्लू काढलं, अंगणात पुरलं, टाकी धुतली आणि नवीन पाणी भरत बसले. मी म्हटलं, आता पुरे करा हो. त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. "खिडकीला ओला पंचा लावायचा राहिला," एवढंच म्हणाले. पुढे धुराच्या गाडीचा आवाज ऐकला की हा माणूस जेवणावरून उठून ओले पंचे घेऊन पळायचा, आणि मी मागून ओरडायचे, घरातल्या माणसांनाही डास चावतात म्हणावं!

पण जमवलं त्यांनी. पिल्लं वाढली, तशी फाटकावर पाटी लागली: मोठा ठेवा, छोटा न्या. पहिल्या आठवड्यात एक बाई जुना कुकर घेऊन आली. तिला वाटलं इथे भांडी बदलून मिळतात. मी हसून हसून लोळायची बाकी होते. भाऊजींनी तिला चहा पाजला, मासे दाखवले, आणि पुढे तिच्याच भाच्याच्या घरातला सकर आमच्याकडे आला. मग सलूनवाले आले, दातांच्या दवाखान्यातले आले, उल्हासनगरच्या त्या दुकानदाराने स्वतः आपली गिऱ्हाइकं पाठवली. मागच्या अंगणात सिमेंटचा हौद बांधला. मोठ्यांपैकी काही हॉटेलांच्या मोठ्या टाक्यांत गेले, उरलेले त्या हौदात. भाऊजींचा नियम एकच: बादली घेऊन आलेल्या माणसाला परत पाठवायचं नाही. छोटा तयार असो नसो, मोठा ठेवून घ्यायचा. "परत पाठवला की तो घरी जात नाही वहिनी, सरळ पुलावर जातो." आणि या सगळ्यांना खायला काय? माझा दोडका, माझी काकडी. माणसांच्या ताटात कारली आणि माशांना कोवळा दोडका, असलं घर अख्ख्या अंबरनाथमध्ये दुसरं नसेल.

मी त्यांना चिडवायचे, तुमच्यापेक्षा तो मिशाळ बरा, संसार तरी करतो. त्यावर हसायचे. एकदा मात्र मला हाताला धरून टाकीपाशी नेलं आणि नळीत बघायला लावलं. अंडी घालून मादी निघून गेलेली, आणि बाप तोंड आत करून, शेपटीने अंड्यांना वारा घालत बसलेला. खायला बाहेर येत नव्हता. "हे दादानं केलं माझ्यासाठी," म्हणाले. "त्याला सांगू नका, उगाच ओशाळेल." मी यांना कधी सांगितलं नाही. भाऊजी होते तोवर नाहीच...

ते गेले त्या संध्याकाळी घर माणसांनी भरलं होतं. चूल पेटवायची नव्हती, जेवण शेजारून आलं. पण दोडका आधीच उकडलेला होता, पातेल्यात गार झाला होता. मी त्यातल्या चकत्या टाकीत सोडल्या. नळीतून शेपटीचं टोक दिसत होतं, हलत होतं. मला तिथे पहिल्यांदा मोठ्याने रडू आलं.

अस्थी नदीत सोडायच्या आदल्या संध्याकाळी सगळे पुढच्या खोलीत बसले होते. हे तसे फार बोलत नाहीत.  अचानक म्हणाले, "उद्या अस्थींबरोबर त्याचे मासेही नदीत सोडू. हौदातले सगळे. जीव होता त्याचा त्यांच्यावर. मोकळे होतील, त्यालाही बरं वाटेल." खोलीतल्या सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. किती छान सुचलं, कुणीतरी म्हणालं. चुलत दीर बादल्या शोधायला उठलेसुद्धा. आणि मी, सुतकातली बाई, लोकांनी भरलेल्या घरात ओरडले, "एकाही माशाला हात लावायचा नाही!"  यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं कधी पाहिलं नव्हतं. "माझा भाऊ गेलाय गं," एवढंच म्हणाले.  पण मी मागच्या दारात जाऊन उभी राहिले आणि हलले नाही. म्हटलं, तुमचा भाऊ गेला, पण त्याने इतकी वर्षं जे थांबवलं ते तुम्ही त्याच्याच राखेबरोबर नदीत ओतणार? तो मासा सोडून खूश होऊन घरी आला होता, आठवतं? आणि बाळारामचं जाळं मांडीवर घेऊन बसला, तेही आठवतं ना? हे म्हणाले, "मग त्यांना सांभाळणार कोण?" मी काही न ठरवताच म्हणाले, "मी." मला टाकीचं पाणी बदलतासुद्धा येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाळारामने स्वतः आम्हाला होडीत घेतलं. यांनी मडकं रिकामं केलं. नदी शांत होती. काठावर परत येताना बाळारामने हळूच मला विचारलं, "येक पन सोरला नाय ना?" मी म्हटलं, नाही. "मंग बरा झाला," म्हणाला आणि वल्हं मारू लागला. हे ऐकत होते. 

त्यानंतरच्या शुक्रवारी आमच्याकडे नेहमीसारखी वीज गेली. पंप बंद. भाऊजी अशा वेळी कुठली बॅटरी कुठे जोडायचे, ते ठाऊक असलेला माणूसच घरात नव्हता. अंड्यांना हवा लागते एवढं मला माहीत होतं. मी तांब्या घेतला, टाकीतलं पाणी उचलायचं आणि वरून धार धरून परत सोडायचं. हात भरून आला तेव्हा यांनी माझ्या हातातून तांब्या घेतला. स्टूल ओढून बसले आणि धार धरत राहिले. वीज येईपर्यंत उठले नाहीत. मध्येच वाकून नळीत पाहिलं आणि म्हणाले, "हा खायलाही बाहेर येत नाही गं." तेव्हा मी त्यांना भाऊजींचं ते दादाचं वाक्य सांगितलं. तांब्या हातात तसाच राहिला. मग ते रडले, भाऊ गेल्यापासून पहिल्यांदा, टाकीच्या काचेला कपाळ टेकून.

अंडी फुटली. पोटाला पिवळी पोटली बांधलेली पिल्लं नळीत बापाखाली दाटीवाटीने चिकटून राहिली आणि पोटली संपली तशी बाहेर पडून काचेवर तुरुतुरु चढू लागली. तेराव्याला आलेल्यांपैकी कुणी म्हणालं, आता तरी पाटी काढा, लोक उगाच त्रास देतील. यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पाटी काढली नाही.

परवा सकाळी फाटक वाजलं. रंगाच्या रिकाम्या डब्यात पाणी, आणि त्यात दुमडून बसलेला, डब्यात न मावणारा सकर. घेऊन आलेला गृहस्थ बदलापूरच्या हेंद्रेपाड्याहून आला होता. भाऊजी गेल्याचं त्याला माहीत नव्हतं. मी सांगितलं, आणि पिल्लं अजून फार लहान आहेत, द्यायला छोटा एकही नाही, तेही सांगितलं. तो ओशाळला. "राहू दे काकी, तुम्हाला कशाला त्रास? जाता जाता नदी आहेच," म्हणत त्याने डब्याची कडी उचलली. मी पायरी उतरेपर्यंत हे पुढे झाले होते. त्यांनी त्याच्या हातातून डबा ओढून घेतला, ओढूनच. "मोठा ठेवा," म्हणाले, "छोटा पुढच्या महिन्यात न्या. आत या, चहा घ्या." आणि डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरून, पाणी अंगावर सांडत, मागच्या हौदाकडे निघून गेले.

मी चहा टाकला. शेजारच्या शेगडीवर पातेलं ठेवून दोडका चिरायला घेतला. तेवढ्यात मागच्या अंगणातून यांचा आवाज आला.

"अगं ए, जास्त शिजवू नकोस हं. पाणी नासतं."