स्टेशनमास्तरांची स्पॅनिश

आधार नाना तायडे रेल्वेतून निवृत्त झाले त्याला सहा वर्षं होऊन गेली, पण घरात अजूनही कोणी ‘आलोच’ म्हटलं की नाना भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतात. भुसावळला जामनेर रोडवर त्यांचं दोन खोल्या आणि ओट्याचं घर आहे. सविताबाई आतून हाक मारतात, “जेवायला या.” त्यावर ओट्यावरून उत्तर येतं, “जेवायला या. ऐकलं.” म्हणजे निरोप मिळाला, आणि दिला तसाच मिळाला.

ही सवय नोकरीची. पुढच्या स्टेशनावरून फोन आला की तिकडचा माणूस जे बोलेल ते शब्दाला शब्द परत म्हणून दाखवायचं, मग त्याला दोन आकडी खासगी नंबर द्यायचा, त्यानं तो लिहून घ्यायचा, तेव्हा कुठे गाडी हलायची. चौतीस वर्षं नानांनी हेच केलं. सविताबाई धुळ्याकडच्या, पिंपळनेरच्या. त्यांचा पारा चढला की माहेरची अहिराणी बाहेर येते. “बठ्ठं परत म्हंतस,” त्या म्हणतात; बठ्ठं म्हणजे सगळं. “मी काय मालगाडी शे का?”

तर अशा माणसाला एक दिवस अर्धवट निरोप मिळाला.

त्यांचा मुलगा संघपाल इंजिनियर, स्पेनमधल्या सारागोसा गावात. लग्नही तिथेच केलं, लूसिया नावाच्या मुलीशी. नाना-सविताबाईंचा व्हिसा लग्नानंतर आठ दिवसांनी हातात पडला, त्यामुळे विहीणबाई ठाऊक त्या फक्त फोनच्या काचेतून. नाव पिलार. बाई विधवा, चष्मा गळ्यात लटकवलेला, चेहरा हेडमिस्ट्रेससारखा. गेल्या चौदा एप्रिलला संघपालनं जय भीम करायला व्हिडिओ कॉल लावला, तर या बाईंनी त्याच्या हातातला फोन घेतला आणि नानांकडे बघून बोलायला लागल्या. मधेच त्यांनी डोळे पुसले, आणि पुन्हा बोलू लागल्या. नानांना एक अक्षर कळेना, पण पाहुण्या बाईसमोर तोंड पाडून कसं बसायचं? ते हसले, मान हलवली, “बरं, बरं” म्हणाले आणि वर अंगठाही दाखवला.

मग फोन संघपालकडे गेला. तो म्हणाला, “पप्पा, त्या म्हणताय, सगळं छान आहे.”

नानांनी घड्याळ बघितलेलंच होतं. “एक मिनिट दहा सेकंदांचा निरोप,” फोन ठेवल्यावर ते सविताबाईंना म्हणाले, “आणि आपल्या स्टेशनात पोचले शब्द तीन. बाकीचे डबे कुठे गेले?”

“तिले सर्दी व्हयनी व्हई,” सविताबाई म्हणाल्या.

पण नानांना चैन पडेना. कारण आणखी एक गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटली नव्हती: संघपालच्या मागची भिंत बदलली होती. पूर्वी मागे पुस्तकांचं कपाट दिसायचं, आता नुसता पांढरा चुना. कामाचं विचारलं की पोरगं हवामान सांगायचं. पोरगं कशात तरी अडकलंय आणि ते आपल्याला सोडून त्या बाईला माहीत आहे, एवढं नानांना उमगलं. डिसेंबरात मंडळी भुसावळला येणार होती. नानांनी ठरवलं, विहीणबाईंना आपण स्वतः विचारायचं, त्यांच्या भाषेत, मधे कोणी दुभाषा नको. हातात आठ महिने होते आणि वय होतं सहासष्ट.

आधी त्यांनी मोबाइलवर शिकायचं ॲप घेतलं. त्यात एक बाई गोड आवाजात म्हणायची, ‘घोडा सफरचंद खातो.’ नाना परत म्हणायचे, घोडा सफरचंद खातो. की लगेच तुतारी वाजायची आणि पडद्यावर रंगीत कागद उडायचे. चार दिवसांनी नाना वैतागले. “वादळात एक्सप्रेस काढून दिली तेव्हा कोणी टाळी वाजवली नाही, अन् इथे घोड्याला सफरचंद चारलं तर वरात काढताय.” शिवाय घोड्याबद्दल विहीणबाईंना काही विचारायचं नव्हतं.

मग चिठ्ठ्या आल्या. कुठेतरी वाचलं की घरातल्या वस्तूंवर नावं चिकटवा, आपोआप पाठ होतात. फ्रिजवर चिठ्ठी, तव्यावर चिठ्ठी, मिठाच्या बरणीवर चिठ्ठी, सविताबाईंच्या शिलाई मशीनवर चिठ्ठी. तिसऱ्या दिवशी शेवभाजीच्या पातेल्यात ‘साल’ लिहिलेला कागद तरंगताना सापडला. साल म्हणजे मीठ. “आते चव बी वाचीसन लेवानी का?” सविताबाईंनी विचारलं, आणि दुपारपर्यंत घरातल्या सगळ्या चिठ्ठ्या केराच्या डब्यात गेल्या. एकटी त्या केराच्या डब्यावरची तेवढी राहिली.

तिसरा उपाय जळगावचा क्लास. पाटीवर ‘सर्व परदेशी भाषा’ असं होतं, आणि त्या सर्व भाषा मिळून एकच माणूस शिकवायचा, नवल सर. ते मूळचे जर्मनवाले. स्पॅनिशमध्ये ते नानांच्या दोन धडे पुढे होते, फार फार तर अडीच. प्रत्येक वाक्याआधी ते घसा साफ करायचे, “ख्खं, आता बघा, हे फार सोपं आहे,” आणि मग पुस्तकात तोंड घालून पानभर शोधायचे, ते किती सोपं आहे ते. पण माणूस प्रामाणिक. नानांना हवी ती वाक्यं त्यांनी देवनागरीत उतरवून दिली. मुलगा, नोकरी, घर, तब्येत, खरं सांगा, हळू बोला.

कागद मिळाले, आता म्हणायचे कोणाबरोबर? शेजारी जहांगीरभाईंचं गादीचं दुकान होतं. जहांगीरभाई नानांच्याच वयाचे, हातात सुई आणि मिशीत कायम कापूस. नानांनी त्यांना कागद दिला आणि घरी येऊन त्यांना फोन लावला. मधे एक भिंत होती, पण फोनशिवाय निरोप घ्यायची नानांना सवय नव्हती.

“मी इखो त्राबाखा,” जहांगीरभाईंनी पलीकडून वाचलं.

“मी इखो त्राबाखा. माझा मुलगा काम करतो. नंबर छप्पन. लिहा.”

“क्या लिखूं?”

“छप्पन.”

“देखो मास्टरसाब,” जहांगीरभाई म्हणाले, “जबान तुम्हारी मैं पढ दूंगा. लेकिन ये नंबर मत बोलो. दुकान में गिर्‍हाईक बैठे हैं. वो समझ रहे दोनो बुड्ढे सट्टा लगा रहे.”

नंबर काही सुटला नाही. रोज पाच वाजता, पावसाळाभर आणि पुढे थंडी पडेपर्यंत, भिंतीच्या दोन्ही बाजूंनी ही स्पॅनिश चालली. दिवाळीपर्यंत जहांगीरभाईंचे कारागीरसुद्धा गादीला शेवटचा टाका घातला की ‘मूय बिएन’ म्हणायला लागले. झकास झालं, असा त्याचा अर्थ आहे हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, आवाजावरून कळलं.

डिसेंबरात पाहुणे आले. स्टेशनवर नाना पांढऱ्या शर्टात उभे. पिलारबाई उतरल्या, सविताबाईंना मिठी मारली, दोन्ही गालांना गाल लावले. नानांकडे वळल्या आणि नुसती मान हलवली. हेडमिस्ट्रेस फी न भरलेल्या पालकाकडे बघते तसं बघितलं. नाना गप्प राहिले. संघपालसमोर आपली स्पॅनिश उघडी करायची नाही हे ठरलेलं होतं, कारण सिग्नल आधीच कळला तर गाडी दुसऱ्या लाइनीवर जाते.

पुढचे दोन दिवस नानांनी काय सोसलं ते त्यांचं त्यांना माहीत. घरभर स्पॅनिश उडत होती, आणि दहातले तीन शब्द त्यांना कळत होते. कळला की ओठ आपोआप परत म्हणायला हलायचे, मग ते खोकला काढायचे. “पप्पा, कफ झालाय का?” संघपालनं विचारलं. सविताबाई पदर तोंडाला लावून आत पळाल्या. पिलारबाई मात्र सविताबाईंशी हातवारे करून तासन् तास बोलत, आणि नाना आले की थांबत. हे नानांना टोचत होतं, पण कारण कळत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी संघपाल आणि लूसिया पिंपळनेरला गेले, सविताबाईंचे भाऊ तोताराममामा यांना भेटायला. पिलारबाईंचे गुडघे प्रवासानं सुजले होते, म्हणून त्या मागे थांबल्या. दुपारनंतर सविताबाई परसात भरताची वांगी भाजत बसल्या. नानांनी शर्ट बदलला, दोन खुर्च्या ओट्यावर समोरासमोर ठेवल्या, चहाचे दोन कप आणले आणि आठ महिने घोटलेलं वाक्य काढलं. चौदा एप्रिलला तुम्ही मला काही सांगितलं होतं. कृपा करून परत सांगा. हळू.

पिलारबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. थोडा वेळ नानांकडे पाहिलं, मग फाटकाकडे. मग पहिलं वाक्य बोलल्या.

नानांनी ते जसंच्या तसं परत म्हटलं. ही त्यांची चूक म्हणा किंवा पद्धत म्हणा, समोरच्याचं बोलणं आधी आपल्या तोंडून जायलाच हवं. आणि तोंडून गेल्यावर त्यांना अर्थ लागला. तुमच्या मुलाची नोकरी गेली होती. आपणच म्हटलेलं वाक्य नानांना आपल्याच कानांनी ऐकू आलं. सवयीनं ते पुढे म्हणाले, “बारा.” स्पॅनिशमध्येच म्हणाले.

पिलारबाई गोंधळल्या. मग त्यांना वाटलं असावं की इकडे अशीच रीत असेल. पुढचं वाक्य त्या बोलल्या, नानांनी परत म्हटलं, आणि बाईंनीच सांगून टाकलं, “तेरा.” खासगी नंबर असे ओळीनं द्यायचे नसतात, ओळीनं दिले तर ते खासगी कसले? दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर नानांनी लेखी जाब मागितला असता. आज त्यांनी चालवून घेतलं.

चौदा. भाड्याचं घर सोडून दोघं माझ्याकडे राहायला आले. पंधरा. आठ महिने काही काम नव्हतं. सोळा. तुमच्याशी बोलायचं असलं की तो ऑफिसचा शर्ट घालायचा आणि माझ्या कोठीच्या पांढऱ्या भिंतीसमोर बसायचा. पुढच्या वाक्याशी नाना अडखळले. शर्ट हा शब्द त्यांना येत होता, इस्त्री हा येत नव्हता. बाईंनी हातानं करून दाखवली. सतरा. तो शर्ट मी इस्त्री करून द्यायचे. अठरा. मेपासून एका गोदामात लागलाय, पण तुम्हाला सांगायचं त्याच्यानं होत नाही.

एकोणीस नंबरच्या वाक्याआधी पिलारबाईंनी चष्मा उतरवला.

“गोदामाचं सोडलं तर हे सगळं मी तुम्हाला त्या दिवशीच सांगितलं,” त्या म्हणाल्या, “आणि तुम्ही हसलात.”

नानांनी तेही परत म्हटलं. आणि तुम्ही हसलात. आठ महिने ही बाई आपल्याला काय समजत असेल ते त्यांच्या लक्षात आलं. याचं उत्तर नवल सरांनी उतरवून दिलेलं नव्हतं. जहांगीरभाईंच्या कागदावरही नव्हतं. नानांनी येत होते तेवढे शब्द स्वतःच जुळवले आणि म्हणाले, “नो लो साबिया.” मला माहीत नव्हतं.

“नो लो साबिया,” पिलारबाईंनी शब्दाला शब्द परत म्हटलं. नंबर दिला नाही. खुर्ची थोडी पुढे ओढली आणि नानांच्या हातातला रिकामा कप काढून घेऊन बाजूला ठेवला.

दिवस मावळल्यावर पोरं परतली. नाना फाटकाशीच उभे होते. लूसिया आत गेली. नाना संघपालला म्हणाले, “कोठीची भिंत चांगली आहे म्हणतात. चुना ओघळत नाही.”

संघपालचा चेहरा उतरला. “कोणी सांगितलं?”

“पिलारबाईंनी.”

“कोणत्या भाषेत?”

“त्यांच्याच.”

संघपाल फाटकाला टेकला. म्हणाला, “तुम्हाला त्रास झाला असता, पप्पा.”

“झाला असता. माझा होता तो. तू परस्पर कसा वळवलास?” नानांचा आवाज चढला नव्हता, गाडी लेट आहे हे सांगताना असायचा तसा होता. “गाडी उशिरा आली तर माणूस समजू शकतो, संघपाल. पण गाडी सुटलेलीच नसते, अन् निघालीच आहे म्हणून सांगतात. ते वाईट. गोदामात काय काम आहे?”

“पार्सलं. स्कॅन करायची.”

“उभ्यानं?”

“उभ्यानं.”

“पाय दुखतात?”

आणि मग संघपाल सांगायला लागला. पायांचं, शिफ्टचं, मुलाखतींचं, ज्या सकाळी कंपनीनं सगळ्यांना एकाच मेलनं काढलं त्या सकाळचं. नानांनी त्यातलं एकही वाक्य परत म्हणून दाखवलं नाही.

आता राहिल्या सविताबाई. भरीत ताटात वाढताना नानांनी त्यांना सगळं सांगितलं, काही न गाळता. सविताबाईंच्या हातातला डाव तसाच राहिला. मुलाकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही, त्याचा हिशोब नंतर होणार होता. त्या सरळ पिलारबाईंसमोर जाऊन बसल्या आणि सुरू झाल्या, “विहीनबाई, मन्हा पोऱ्याले तुम्ही आठ महिने जेऊ घालं, अन् मले कोनी सांगं बी नही…” पुढे खूप काही. त्यात आशीर्वाद होते, एक-दोन तक्रारी होत्या, लग्नाला येता आलं नाही त्याचं दुःख होतं, शर्टाची इस्त्री होती, आणि असा शर्ट धुवायला कोणता साबण वापरता अशी चौकशीही होती. पिलारबाई ऐकत राहिल्या आणि बोलणं संपल्यावर जावयाकडे वळल्या.

संघपालनं तोंड उघडलं. नानांनी तळहात आडवा धरून त्याला थांबवलं.

“एक मिनिट चाळीस सेकंद,” ते म्हणाले. “मी सांगतो. पूर्ण.”

आणि ते विहीणबाईंना पहिल्या शब्दापासून सांगू लागले. अर्धे शब्द त्यांच्याकडे नव्हते. साबणाशी तर ते चांगलेच अडले, हातावर हात चोळून दाखवावे लागले. लूसिया हळूच शब्द पुरवायला लागली तर तिलाही त्यांनी थांबवलं. ताटातलं भरीत निवत चाललं होतं. “जेवीसन सांगा ना,” सविताबाई म्हणाल्या.

“जेवून सांगा. ऐकलं,” नाना म्हणाले, आणि इस्त्रीच्या वाक्याला हात घातला.