विमान किती तासांचं?

त्याला सगळे पेटीवाला म्हणत. ज्याचं तोंड बघायची वेळ येऊ नये, पण ज्याचा नंबर मात्र जपून ठेवावा, असा हा गृहस्थ. मृतदेह ठेवायच्या थंड पेट्या तो भाड्याने द्यायचा. मुलं परदेशी गेलेल्या घरांतून हमखास बोलावणं यायचं, आणि उंबऱ्यात पाऊल टाकताच हा विचारायचा, "विमान किती तासांचं?"

घरचे तिकिटावरच्या दोन वेळांची वजाबाकी करून सांगायचे, "दहा तास." की पेटीवाला कपाळाला हात लावायचा. "अहो, निघायची वेळ तिकडची, पोचायची इकडची! दोन्हीकडची घड्याळं एक असतात का? आणि मध्ये थांबायचंय कुठे, ते विचारलंत?" मग थांबा, सामानाची वाट बघणं, विमानतळापासून घरापर्यंतचा रस्ता, सगळं जमेस धरून तो यंत्र लावून द्यायचा. तोंड न पाहता एकही मूल परत गेलं नाही, याचा त्याला कोण अभिमान! बायकोने हे इतक्यांदा ऐकलं होतं की ती म्हणायची, "पुरे झालं, जेवा आता."

त्यांची एकुलती एक लेकही लग्न होऊन दूर गेली. दोन विमानं, मध्ये लांबलचक थांबा. दारापासून दारापर्यंत चांगला दीड दिवस.

बायकोने अंथरूण धरलं तशी लेक रोज फोनवर विचारू लागली, "बाबा, येऊ का?" हा म्हणे, "थांब गं, इतकं काही नाही. रजा कशाला वाया घालवतेस? वेळ आली की मी सांगतो." डॉक्टरांनी हात टेकले तरी याचं पालुपद तेच. खोटं बोलत नव्हता बिचारा. त्याचा हिशेब मुळी माणूस गेल्यावरच सुरू व्हायचा, आणि त्या हिशेबात दीड दिवस म्हणजे काहीच नाही.

बायको गेली. लेक निघाली. याने आपली सगळ्यात चांगली पेटी बाहेरच्या खोलीत लावली, काच स्वतः पुसली, थंडाव्याचा आकडा पुन्हापुन्हा तपासला. सांगितल्या वेळेला लेक दारात हजर. तिने काचेवर हात ठेवला. आईचा चेहरा जराही बदलला नव्हता.

"बघ," तो म्हणाला, "झोपल्यासारखी दिसते की नाही?"

लेक त्याच्याकडे बघतच राहिली. "बाबा, मला तिच्याशी बोलायचं होतं."

यंत्र घुं घुं करत होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पेटीवाल्याला तो आवाज सहन होईना.

लेकीने विचारलं, "शेवटी काही म्हणाली का आई?"

"विचारत होती, पोरीला यायला किती तास लागतात."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"म्हटलं, तू नको काळजी करू. पोरगी वेळेत पोचेल."