न दुखणारे दात

बोलता बोलता मावशीचा हात समोरच्याच्या मानेकडे जायचा. पालथा पंजा कानाखाली टेकवायचा, क्षणभर डोळे मिटायचे आणि लगेच निकाल द्यायचा, "ताप हाय तुले. चाल दवाखान्यात." माणूस ओळखीचा असलाच पाहिजे असं नाही. बसमध्ये शेजारी येऊन बसलेल्या परक्या बाईची मान तिनं अशी चाचपलेली मी पाहिली आहे. तुमच्याही आसपास अशी एखादी बाई असेल, जिला बघून तब्येत लपवावीशी वाटते.

तेलुगू मुलखात, बेल्लमपल्लीला कोळसा कंपनीच्या दवाखान्यात मी एक्स-रे काढायचो आणि मावशी बायकांच्या वॉर्डात आया होती. माहेर तामसीकडचं, जवारी-कापूस पिकवणाऱ्यांचं. नवरा कंपनीत होता. त्यानं कावीळ अंगावर काढली आणि तो गेला, तेव्हा त्याच्या जागी तिला दवाखान्यात घेतलं. कंपनीच्या माणसाला आणि त्याच्या घरच्यांना आमच्याकडे सगळं फुकट होतं, साध्या खोकल्यापासून ऑपरेशनपर्यंत. त्यामुळे दवाखान्याला भिणाऱ्यांवर ती मनापासून चिडायची.

एकदा एक दांडगा फोरमन इंजेक्शनच्या भीतीनं बाथरूममध्ये जाऊन बसला. मावशीनं बाहेरून कडी लावली आणि सिस्टरला बोलावून आणलं. "रोज जमिनीच्या पोटात उतरते तं भेत नाई, आन सुईले भेते," असं ती सगळ्या वॉर्डाला सांगत सुटली. तेलुगू पेशंटना तिचं बोलणं अर्धंच कळायचं, पण "सरे अम्मा", बरं बाई, म्हणून तेही मुकाट्यानं दंड पुढे करायचे.

तिला एकच मुलगी. शिकली, कॉम्प्युटरवाला नवरा मिळाला आणि अमेरिकेला गेली. ही नव्वदनंतरची गोष्ट. तिच्या पहिल्या बाळंतपणाला मावशी निघाली, तेव्हा तिथले दवाखाने नीट बघून या, असं आम्ही तिला बजावलं. "पाह्यते ना," ती म्हणाली, "आपल्याहून मोठे असतीन."

सहा महिन्यांनी परत आली ती वाळून. मी तेव्हा खोकत होतो. सवयीनं मी मान पुढे केली, पण तिचा हात काही आला नाही. नंतर एक्स-रेच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून तिनं मला सगळं सांगितलं.

"जावयाचं काम सुटलं भाऊ, आन त्याच्यासंगं दवाखानाबी सुटला. तिथं विमा राह्यते. तो नोकरीले बांधला हाय. नोकरी गेली का तोबी जाते."

त्याच आठवड्यात तिच्या बाळंतीण पोरीला ताप भरला. मावशीनं मानेला हात लावला आणि म्हणाली, चाल. पोरीनं तिचा हात घट्ट धरला. "आई, नको. आपण बुडू." जावयानं समजावलं की दवाखान्यातून कुणी हाकलून देत नाही, पण नंतर घरी जे बिल येतं ते फेडता फेडता उमर जाते.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय. ओल्या पट्ट्या ठेवत बसली. म्या तिले दवाखान्यात नाई नेलं भाऊ. म्या."

ताप आपला आपण उतरला. नसता उतरला तं, एवढं बोलून ती थांबायची. पुढचं मलाही ऐकायचं नव्हतं. ओल्या बाळंतिणीचा ताप काय करू शकतो, ते आम्ही दोघांनी वॉर्डात पाहिलेलं होतं.

मी म्हणालो, "तुमी बाहेरचे लोक, म्हणून तसं असन."

"नाई रे. खालच्या मजल्यावर तिथलीच गोरी बाई होती. दारात मोटार, दुकानात नोकरी. लेकरानं मान नोती धरली तं कामावर गेली. बाळंतपणाच्या सुट्टीचा पगारच नाई म्हने तिले. आन बीपीची गोळी सुरीनं अर्धी करे. अर्धी आज खाये, अर्धी उद्या." एवढं बोलून मावशीनं बाकाच्या लाकडावर बोटानं सुरी चालवून दाखवली. आमच्या सिस्टरांना बाळंतपणाची भरपगारी रजा मिळायची. ती मोठी गोष्ट आहे हे आम्हाला तोवर कधी वाटलं नव्हतं.

त्यानंतर तिचं एकच टुमणं सुरू झालं. काऊन? एवढा पैशावाला मुलूक, बाकीच्या पैशावाल्या मुलुखांत म्हणे सरकार सगळ्यांना बघतं, मग तिथंच काऊन नाही? ज्याला त्याला विचारायची. शेवटी आमच्या मोठ्या डॉक्टरांनी राऊंड संपवून तिला समोर बसवलं. ते म्हणाले, तिकडे दुसऱ्या महायुद्धात पगार वाढवायला बंदी होती, म्हणून मालकांनी नोकरीबरोबर विमा दिला. ज्यांना मिळाला त्यांचं भागलं, ते गप्प बसले. ज्यांना मिळाला नाही ते विखुरलेले, त्यांचं कोण ऐकणार? शिवाय आपला कर आपल्यासारख्या न दिसणाऱ्याच्या औषधाला जाईल, याचंही तिकडे अनेकांना वावडं. विम्याच्या कंपन्यांना तर हे असंच चालायला हवं आहे.

मावशीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजी आपल्या दवाखान्याच्या फाटकासारकंच. कंपनीचा तो आत, भाजीवाली बाहेर. आपल्याले काय फरक पडे?"

डॉक्टर उठून ओपीडीत गेले. मला मात्र दिवसभर कसंतरीच वाटत राहिलं. आमच्या फाटकातून परत सरकारी दवाखान्याच्या रस्त्याला लागलेली माणसं मीही रोज बघायचो आणि आपण त्यांच्यातले नाही, एवढ्यावर मला तसल्ली वाटायची.

पुढे ती रिटायर झाली आणि मुलीला पुन्हा दिवस गेले. जावयाच्या नोकरीचं पुन्हा तळ्यात-मळ्यात होतं. मुलगी एकटी पडणार म्हणून मावशीला जाणं भाग होतं. पण आता तिला विमानाची नाही, स्वतःच्या शरीराची भीती बसली होती. "मी तिथं पडली तं पोट्टी बुडन माही," असं दिवसातून कितीदा म्हणायची. म्हाताऱ्या पाहुण्यांचा विमा महाग, आणि जुनं दुखणं त्यात धरत नाहीत, हे तिला पाठ झालं होतं.

मग तिनं स्वतःचीच झडती सुरू केली. रक्त तपासलं, डोळे तपासले, माझ्याकडून छातीचा फोटो काढून घेतला. फिल्म साफ होती, तरी तिनं ती उजेडाला धरून दोनदा बघायला लावली. "पोटातलं ते अपेंडिस आधीच काढून ठेवता येते का?" असं तिनं मला अगदी गंभीरपणे विचारलं. मी हसलो, पण तिच्या चेहऱ्याकडे बघून हसू विरलं.

दातांच्या डॉक्टरांनी किडलेले दोन काढले. पुढच्या आठवड्यात ती गाल धरून पुन्हा हजर. हा दुखते, तोबी दुखते. त्यांनी तिला फोटोसाठी माझ्याकडे पाठवलं. फिल्मवर मुळं शाबूत दिसत होती.

"मावशी, हे तं दुखतच नसतीन."

"आता नाई दुखत. तिथं दुखले तं? डॉक्टरले काई सांगू नको भाऊ."

डॉक्टरांना सांगायची गरजच नव्हती. त्यांनी फिल्म बघितली आणि साफ नकार दिला. मग ती माहेरी जाते असं सांगून निघाली आणि वाटेत इचोड्याला उतरली. तिथं बाजारात एक दात काढणारा बसायचा. परतली ती तोंडाला पदर लावून. गाल सुजून चेहरा ओळखू येत नव्हता. आत एकही दात उरला नव्हता. "झाली एक चिंता कमी," असं ती म्हणाली असावी, कारण शब्द नीट उमटत नव्हते. मला तिचा राग आला, आणि रडूही आलं.

ती अमेरिकेला गेल्यावर काही महिन्यांनी एका संध्याकाळी मी ड्युटीवरून येऊन हातपाय धूत होतो. आमच्याकडे तेव्हा नुकताच फोन आला होता. तो वाजला. पलीकडे मावशीची मुलगी होती.

"काका, आई घामानं ओली झाली. छाती धरून भिंतीले टेकून बसली. ॲम्ब्युलन्स बोलवू देत नाही. काय करू मी?"

समुद्रापलीकडच्या, जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशातून ही पोर बेल्लमपल्लीच्या एक्स-रेवाल्याला विचारत होती की आईला दवाखान्यात नेऊ की नको.

"बोलाव," मी ओरडलो. "आत्ताच्या आत्ता. माझ्याशी बोलत बसू नको."

मागून मावशीचा बोळका आवाज आला. "त्याले सांग, गॅस झाला. भाऊ, तू नको सांगू तिले. लेकरं हायेत तिचे."

"मावशी, माझं ऐका," मी म्हणालो, आणि फोन बंद झाला. तेव्हा परदेशची लाइन अशीच तुटायची, त्यामुळे मी हातात रिसीव्हर घेऊन ती परत लागायची वाट बघत राहिलो. ती लागली नाही.

अस्थी घेऊन मुलगी आली तेव्हा कळलं. फोन बंद पडल्यावर ती खाली धावली, त्या गोऱ्या बाईच्या फोनवरून गाडी बोलावली. गाडी लवकर आली. तोवर मावशी गेली होती.

"लाइन तुटली नव्हती काका," ती म्हणाली. "आईनं भिंतीतली फोनची वायर ओढून काढली होती. मी आणि ती खालची बाई, आम्ही दोघींनी मिळून ती तिच्या मुठीतून सोडवली."